चाळीस तास

दुपारी खण आवरताना दोन घड्याळं शेजारी शेजारी सापडली. एक माझं, क्वार्ट्झ क्रोनोग्राफ, म्हणजे बॅटरीवर चालणारं, स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. दुसरं बाबांचं, ऑटोमॅटिक डाइव्ह वॉच. माझं चालू होतं पण बंद दिसत होतं. बाबांचं बंदच होतं, पण उचलल्याबरोबर त्याचा सेकंदकाटा निघाला.

क्रोनोग्राफ वापरणाऱ्यांना हा ताप ठाऊक असेल. मधला लांब काटा बटण दाबेपर्यंत बारावर ठाण मांडून बसतो. खरा सेकंदकाटा खालच्या एवढ्याशा तबकडीत निमूटपणे फिरत असतो. ‘अरे, तुझं घड्याळ बंद पडलंय.’ आधी मी समजावून सांगायचो. आता ‘हो का?’ म्हणतो.

वास्तविक आतला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो आणि त्या एकावर काटा उडी मारतो. महिन्याकाठी पंधराएक सेकंदांची चूक, बस. 1969 च्या डिसेंबरात सेइकोचं ॲस्ट्रॉन, बाजारातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, आलं, त्यानंतर हळूहळू बिनचूकपणाचं कुणाला कौतुक राहिलं नाही. बरं, या बिनचूक यंत्राने मी मोजलं काय? लिफ्ट यायला लागणारा वेळ. फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ ऐकण्याचा वेळ (विक्रम 29 मिनिटांचा). कडेच्या टॅकिमीटरवर एक किलोमीटर किती सेकंदांत कापला त्यावरून वेग कळतो. तो एकदाच वापरला, तर गाडी चालवताना घड्याळात काय बघतोस म्हणून बोलणी खाल्ली.

बाबांचं घड्याळ 200 मीटर पाण्याचं. बाबांना पोहता येत नव्हतं. हात धुतानासुद्धा ते घड्याळ काढून ठेवत. बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, मात्र रोज वापरत, दुपारच्या डुलकीला. आडवं होण्याआधी त्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा आणि ‘वीस मिनिटं’ असं जाहीर करायचं. हे बेझल एकाच दिशेला फिरतं. चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दाखवेल, कमी नाही, म्हणजे पाणबुड्या हवा संपायच्या आत वर येतो. चुकायचं तर जिवाच्या बाजूने चुकायचं! बाबांच्या डुलकीला मात्र हा नियम लागू नसे. वीस मिनिटांचा सहज तास व्हायचा.

“याला चावी कोण देतं?” मी एकदा विचारलं होतं.

“मीच की. हात हलला की आतला रोटर फिरतो, तो स्प्रिंग गुंडाळतो.”

म्हणजे हात हललाच नाही तर? त्या दुपारी ते झोपल्यावर मी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी गादीवर दाबून धरलं आणि काटा थांबायची वाट बघत बसलो. थांबेना. सेकंदाला सहा बारीक पावलं टाकत तो आपला सरकतच होता. मलाच झोप लागली. जाग आली तेव्हा बाबा केव्हाचे जागे होते, पण हात तसाच होता. माझं डोकं त्यावर होतं.

पूर्ण भरलेली स्प्रिंग चाळीसेक तास पुरते, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मघाशी उचललेलं ते घड्याळ आता दहा मिनिटं चाललंय, अर्थात चुकीच्या वेळेवर. लावायचं तर पुन्हा सगळे सोपस्कार: काटे बारापुढे नेऊन तारीख पलटते का बघा, मग दिवस की रात्र ते ठरवा, आणि रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेला हात लावायचा नाही, आतले दाते बिघडतात. ही ताकीद बाबांचीच. लावलं तरी दिवसाला दहा-पंधरा सेकंद इकडेतिकडे होणारच. मी नाही लावलं.

बाबा गेले त्या संध्याकाळी कुणीतरी ते त्यांच्या मनगटावरून काढून टेबलावर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री मी पाहिलं, तेव्हा ते चालू होतं. वेळही जवळपास बरोबर होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्या टेबलाकडे गेलो नाही.