मालदीवला कांदा का विकायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. इंदूरच्या कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे लोकमान्य नगरात सकाळी फिरायला निघाले की कुणी ना कुणी थांबवतंच. "मॅडम, मालदीवनं 'इंडिया आउट' म्हटलं, आपले जवान घालवले, तरी आपण त्यांना कांदे-बटाटे का पुरवतो?"

सगळ्यात तळमळून हे विचारलं ते माझ्या दिरांनी. महूच्या पुढे त्यांची शेती आहे. एप्रिल २०२४ मधली गोष्ट. चोइथराम मंडीतला लिलाव आटोपून ते थेट आमच्याकडे आले. खिशात आडत्याची चिठ्ठी होती, तिच्यावरचा भाव मला दाखवायलाही त्यांना नको वाटत होतं. म्हणाले, "वहिनी, डिसेंबरपासून निर्यात बंद आहे. माझा कांदा देशाबाहेर जाऊ शकत नाही. आणि मालदीवला ३५,७४९ टन मंजूर! शिव्या त्यांनी द्यायच्या आणि शिक्षा मी भोगायची?"

आधी एक गैरसमज दूर करते. हा कांदा आपण दान देत नाही, विकतो. १९८१ मध्ये दोन्ही देशांत व्यापार करार झाला. त्यानुसार आपल्याकडे एखाद्या मालाची निर्यात बंद असली, तरी मालदीवसाठी त्याचा ठरावीक कोटा खुला राहतो. त्यात तांदूळ, कणीक, साखर, डाळ, कांदे, बटाटे आणि अंडी येतात. शिवाय नदीची वाळू आणि खडी. २०२४-२५ साठी एकट्या अंड्यांचा कोटा ४२.७५ कोटी होता, वाळू आणि खडी प्रत्येकी दहा लाख टन. करार झाल्यापासूनचा हा सगळ्यात मोठा कोटा. आकडे मोठे वाटतात, पण सव्वापाच लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या त्या देशात वर्षाला वीस लाख पर्यटक जेवतात, तेही यात आले.

वाळूचं ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. समुद्रात बसलेल्या देशाला वाळू कशाला? पण तिथे एकही नदी नाही. जवळजवळ बाराशे बेटं, सगळ्यांची मिळून जमीन तीनशे चौरस किलोमीटर, आणि ती समुद्रापेक्षा सरासरी दीड मीटर उंच. आमच्या ओट्याएवढी! तिथे गहू कुठे पेरणार आणि कांदा कुठे लावणार?

माझी भाची तिथल्या एका छोट्या बेटावर तीन वर्षं गणित शिकवत होती. ती सांगायची, मालाची बोट यायची असली की धक्क्यावर अर्धं गाव जमायचं. हवा बिघडली की बोट लांबायची, आणि दुकानातल्या फळीवर उरायचे ते डबे आणि बिस्किटं. बोट लागली की जाळीच्या गोण्या हातोहात उतरायच्या. दुकानदार कांद्याला 'फिया' म्हणायचा, बटाट्याला 'अलुवि'. तिनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. फिया म्हणजे आपला प्याज! त्यांच्या धिवेही भाषेत आपल्या 'प'चा 'फ' होतो. पाण्याला ते 'फेन' म्हणतात, आणि माशाला 'मस'. मराठीच्या चुलतघराण्यातली भाषा आहे ती. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयची माणसं आजही तीच बोलतात.

आता रागाबद्दल. राग मलाही आला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल जे लिहिलं ते हीन होतं. त्या तिघांना निलंबित केलं गेलं, पण आपल्याकडच्या लोकांनी सहली रद्द केल्या, आणि ते मला योग्यच वाटलं. कुठे फिरायला जायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. जवानांचं म्हणाल, तर ते सत्तरऐंशी होते आणि दोन हेलिकॉप्टरं, एक डॉर्निअर विमान सांभाळायचे. आजारी माणसाला लांबच्या बेटावरून राजधानी मालेच्या दवाखान्यात आणणं हे त्यांचं मोठं काम. राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी १० मे २०२४ ची मुदत घातली, जवान परतले, त्यांच्या जागी आपलेच बिनलष्करी तंत्रज्ञ गेले. परक्या वर्दीतली माणसं आपल्या जमिनीवर नकोत असं छोट्या देशाला वाटलं, तर त्यात शत्रुत्वच असतं असं मी मानत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये बंडखोरांनी माले ताब्यात घेऊ पाहिलं, तेव्हा आग्र्याहून आपले छत्रीधारी जवान त्याच रात्री तिथे उतरले, ते त्यांच्याच सरकारनं बोलावलं म्हणून. बोलावलेल्याला जायला सांगण्याचाही हक्क असतो.

पण रसद तोडणं ही गोष्ट वेगळी. तिचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतो. जुलै २०१३ मध्ये भूतानची निवडणूक तोंडावर असताना आपण त्यांच्या स्वयंपाकाच्या गॅसची आणि रॉकेलची सवलत काढून घेतली. ती पुढे पुन्हा सुरू केली, तरी तिथल्या घरांतून तो महिना विसरला गेला नाही. २०१५ मध्ये नेपाळच्या सीमेवर ट्रक अडकले. आपलं सरकार म्हणालं, नाकेबंदी आम्ही केलेली नाही. पण ज्या बाईच्या घरी भूकंपानंतर सहा महिन्यांतच गॅस संपला, तिनं कुणाला बोल लावला असेल? पुढच्याच मार्चमध्ये नेपाळनं चीनशी मालवाहतुकीचा करार केला. वर्गात मी हे शिकवायचे तेव्हा मुलांना एकच विचारायचे: ती चूल विझल्यावर आपल्याला काय मिळालं?

मालेत याच्या उलट घडलं. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लाखावर माणसांचे नळ कोरडे पडले. दुसऱ्याच दिवशी आपली विमानं पाणी घेऊन उतरली, मागून नौदलाची जहाजं गेली. तेव्हाचे त्यांचे राष्ट्राध्यक्ष चीनकडे झुकलेले होते. दोनच वर्षांपूर्वी मालेच्या विमानतळाचं कंत्राट भारतीय कंपनीकडून काढून घेतलं गेलं होतं. तरीही आपण पाणी पाठवलं, आणि याचा मला आजही मनापासून अभिमान वाटतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तेच मुइझ्झू दिल्लीला आले. डॉलरांची तंगी होती. आपण ४० कोटी डॉलर आणि तीन हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीची, म्हणजे त्यांचं चलन ठेवून घेऊन काही काळापुरते पैसे वापरायला देण्याची, सोय करून दिली. कांदा त्या एप्रिलमध्ये अडवला असता, तर ते आले असते का? मला नाही वाटत.

दिरांना मी हिशेब मांडून दाखवला. आपला देश वर्षाला अडीच कोटी टनांच्या आसपास कांदा पिकवतो. मालदीवचा कोटा म्हणजे हजार गोण्यांमागे दीड गोणी. "भाऊजी, तुमचा भाव त्या दीड गोणीनं नाही पाडला. बंदीनं पाडला. मालदीवसाठी जसं लिहून ठेवतात, कोणत्या वर्षी किती जाणार, तसं तुमच्यासाठी का लिहून ठेवत नाहीत? तो जाब दिल्लीला विचारा, मी तुमच्याबरोबर येते."

ते बराच वेळ चिठ्ठीची घडी घालत बसले. मग म्हणाले, "तिथे बोट आली नाही तर खरंच काही मिळत नाही?" मी भाचीला फोन लावून दिला. पाऊण तास बोलले.

बंदी ४ मेला उठली, तीही चाळीस टक्के शुल्क लावून. तोवर त्यांचा अर्धा कांदा मिळेल त्या भावात गेला होता.