तिसऱ्या दिवशी गुण

आमच्या विभागात फरशी पुसायला येणाऱ्या मावशींचा दिवस कसा चाललाय, ते मला त्यांच्या फडक्यावरून कळायचं. बोटं सुजलेली असली की त्या फडकं दोन तळव्यांत नुसतं दाबायच्या आणि निथळतं तसंच फरशीवर टाकायच्या. सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नाही, म्हणायच्या. डॉक्टरांनी ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, सांगून मेथोट्रेक्सेट हे औषध सुरू केलं होतं. मळमळतं म्हणून मावशींनी ते दीड महिन्यात सोडून दिलं.

मग आठवडी बाजारातल्या एका वैदूचं चूर्ण आलं. तिसऱ्या दिवशी मावशींनी माझ्यासमोर फडकं असं पिळलं, की शेवटचा थेंब बादलीत.

"बघा मॅडम, तुमचीच झाडपाल्याची विद्या!"

मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉग्नोसी शिकवते, म्हणजे झाडपाल्याचीच विद्या. पुडीवर हळद, सुंठ, सालई, गुग्गुळ, अश्वगंधा अशी नावं होती. मी सांगलीकडची. हळदीला कुणी चांगलं म्हटलं की माहेरचं कौतुक झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी सुखावले, खोटं कशाला बोलू? वर्गात मी एरवी फार काटेकोर असते. २०१२ साली ऱ्हुमॅटॉइडच्या ४५ रुग्णांवर हळदीतल्या कर्क्युमिनची डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाशी तुलना झाली, कर्क्युमिनच्या गटाला आराम चांगला पडला, पण रुग्ण मोजकेच आणि प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या गोळीचा, गट नव्हता, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवते. कोइम्बतूरला ४३ रुग्णांवर शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट आणि दोन्ही एकत्र असे तीन गट करून ३६ आठवडे अभ्यास झाला, तिन्ही गटांना साधारण सारखाच गुण आला, तेही सांगते. आणि तरी तिसऱ्या दिवशी गुण कसा आला, हे मला विचारावंसं वाटलं नाही. मेथोट्रेक्सेटलासुद्धा सहा ते बारा आठवडे लागतात!

चारेक महिन्यांनी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं, हळदीचं टीएलसी, म्हणजे प्लेटवर द्रावण चढवून अर्कातले घटक वेगळे करणं. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, मावशींचं चूर्ण पण लावूया का प्लेटवर?" मला वाटलं, छान, खऱ्या औषधातली हळद मुलांना दिसेल. मावशींनी पिशवीतून पुडी काढून चमचाभर चूर्ण दिलं. देताना बोलता बोलता म्हणाल्या, की बांगड्या आता हातात चढत नाहीत, चेहरा भरलाय, जावा म्हणतात मानवलं तुला. मुलं हसली. मीही.

आधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. हळदीचे शिजलेल्या पिठुळाचे पिवळे गोळे, सुंठीचे पिशवीसारखे चपटे कण, सगळं जागच्या जागी. चूर्ण मिथेनॉलमध्ये हलवून गाळलं, केशनळीनं प्लेटवर ठिपका दिला आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये प्लेट उभी केली. द्रावण वर चढलं तसे हळदीचे तीन पिवळे ठिपके एकाखाली एक उमटले. मुलांनी फोटो काढले. मग प्लेट २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली. हिरव्या चमकत्या पाटीवर पिवळ्या ठिपक्यांच्या खाली आणखी एक डाग होता, काळा, रेखीव, गोल. झाडाच्या अर्काला सहसा लांबट शेपटी असते. हा डाग ठसा मारल्यासारखा होता. पुडीवर नाव असलेल्या पाचांपैकी एकाचाही मी असा डाग कधी पाहिला नव्हता.

स्टेरॉइड ओळखायचं ब्लू टेट्राझोलियम फवारलं. डाग निळाजांभळा झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या प्रयोगशाळेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा नमुना मागवून दुसरी प्लेट केली. दोन्ही डाग एका रेषेत. टीएलसीवर छातीठोक बोलता येत नाही म्हणून एचपीएलसी ही जास्त नेमकी चाचणी लावायला दिली, पण मला कळायचं ते कळलं होतं. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड टोचलं, तेव्हा जागची न हलणारी बाई काही दिवसांत चालू लागली होती. तिसऱ्या दिवशीचा गुण तो हा. (गंमत म्हणजे पुढे स्टेरॉइड स्वस्त झाली ती मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोस्जेनिनमुळे. 'नैसर्गिक' या शब्दावर मी वर्गात फार भर देत नाही, त्याचं हेही एक कारण.)

मी तडक मावशींना गाठलं. "पुडी आत्ताच्या आत्ता फेका. एक चिमूटही घ्यायची नाही." त्यांनी मुकाट्यानं ती माझ्यासमोरच्या कचरापेटीत टाकली आणि घरी गेल्या.

दुपारी एचपीएलसीचा आलेख आला. शिखर डेक्सामेथासोनच्याच वेळेला. तो घेऊन मी फार्माकॉलॉजीच्या मैत्रिणीकडे गेले, थोडी ऐटीतच. तिनं आलेख बाजूला ठेवला.

"मावशींना काय सांगितलंस?"

"फेकून द्या म्हटलं."

"अगं, चार महिने बाहेरून स्टेरॉइड मिळतंय, स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपल्या असतील. एकदम बंद केलं तर बीपी कोसळेल. फोन लाव आधी!"

मी हे वर्गात शिकवत नाही, पण शिकलेले आहे. मावशींचा फोन लागेना, मुलाचा लागला. संध्याकाळी सातला आम्ही चौघं त्याच जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, कचरापेटीतून उचललेली पुडी माझ्या पर्समध्ये. साखर वाढलेली निघाली, बीपीही. भरलेल्या चेहऱ्यासारखी हीही स्टेरॉइडचीच करणी. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन, तेही स्टेरॉइडच, मोजून लिहून दिलं, काही आठवड्यांत उतरत उतरत बंद करायचं, आणि मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू केलं, आठवड्यातून एकदाच, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. 'फक्त बुधवारी' हे त्यांनी दोनदा अधोरेखित केलं, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. वैदू पुढच्या बाजाराला आलाच नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मावशी थांबल्या. "मग मॅडम, हळद नव्हतीच का त्यात?"

"होती की. चांगली होती. तीन ठिपके दिसले."

"मग तिनं काय केलं?"

"ते त्या मेल्यानं कळूच दिलं नाही, मावशी."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा मुलासमोर धरली. "बुधवारची गोळी जेवणाआधी का नंतर, इचार की रं डाक्टरास्नी."