तुम्ही विचारलंत म्हणून: वहीतलं तिसरं नाव

हा प्रश्न विचारायची जागा ठरलेली आहे. रविवारी उपासना सुटली की फाटकाशी, रिक्षाची वाट बघताना. विचारणारी आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मग आवाज खाली आणते. "सिस्टर, तुमचे दादा अजून येत नाहीत ना चर्चला? मग इतकी वर्षं तुम्ही मागता तरी कशाला? मला तर आता कंटाळा आलाय. माझ्या मुलाचं नाव घ्यायचं सोडलं तर चालेल का?" कधी मुलगा असतो, कधी नवरा, कधी लग्न होऊन लांब गेलेली लेक. (मी ३३ वर्षं नर्स होते, म्हणून अख्ख्या मंडळीत सिस्टर. घरात मात्र बेबीच.)

फाटकाशी उत्तर देता येत नाही, रिक्षा येते. म्हणून आज बसून लिहिते. आधीच सांगते, मागितलेलं मला मिळालेलं नाही. दहा वर्षं प्रार्थना केली आणि अकराव्या वर्षी तो रडत परत आला, अशी साक्ष माझ्याकडे नाही. तशा साक्षी खऱ्या असतात, त्या ऐकून मी डोळे पुसले आहेत. पण ज्याच्या घरी अजून काहीच झालेलं नाही त्याला त्या ऐकून घरी जाणं जरा जड जातं.

दादाबद्दल लिहिण्याआधी त्याला विचारलं. म्हणाला, "लिही की. फक्त मला बिचारा करू नकोस."

आमचं घर नगरचं. आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय. आजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले. दादा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. तरुणपणी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा धर्मवर्ग, तो घ्यायचा, नाताळचा तारा गच्चीवर तोच बांधायचा, पायपेटीच्या साथीला त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. मग १९९७ च्या पावसाळ्यात आई गेली. पोटाचा कॅन्सर. जायच्या महिनाभर आधी कोणीतरी सुचवलं म्हणून आम्ही तिला रोग बरे होण्यासाठी भरवलेल्या एका सभेला नेलं. रिक्षातून दादाने तिला उचलूनच मांडवात आणलं, लहान मुलासारखी हलकी झाली होती. बाहेरगावाहून आलेल्या प्रचारकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ मोठ्याने मागितलं, आणि काही घडत नाही म्हटल्यावर माईकमध्येच म्हणाला, "या घरात अविश्वास आहे." सगळ्या मांडवासमोर. आईने पदर पुढे ओढून घेतला. तिला वाटलं, चुकलं ते तिचंच.

मी नर्स. त्या पोटात काय होतं ते त्या मांडवात सगळ्यांत जास्त मला कळत होतं. मी एक शब्द बोलले नाही.

मातीनंतर दादा चर्चमधल्या प्रभुभोजनाला पुन्हा बसला नाही. मी म्हणायचे, "दादा, देवावर असा राग धरू नये रे." तो म्हणायचा, "राग धरायलासुद्धा समोर कोणीतरी असावं लागतं, बेबी."

त्याच वर्षी मी शंभर पानी वही आणली आणि तीन नावं लिहिली. पहिलं काकांचं. काका गिरणीतले, लाल बावट्याचे, लग्नकार्याशिवाय चर्चची पायरी न चढलेले. दुसरं नर्सिंगच्या मैत्रिणीचं. तिसरं दादाचं. तिसरं अशासाठी की हा नाताळपर्यंत येईलच, असं मला वाटलं होतं.

आता माझ्या चुका. "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय" हे वाक्य मी पहिली काही वर्षं दादाशी भांडताना शेवटचा पत्ता म्हणून टाकायचे. समोरच्याला त्यावर बोलताच येत नाही. सासूने "जाऊ दे, देव बघतोय" म्हणावं, त्यातलाच प्रकार. दुसरी चूक स्त्रियांच्या सभेतली. तिथे "प्रार्थनेसाठी विषय" विचारतात. मी दादाचं नाव सांगितलं, वर थोडा तपशीलही सांगितला. आमेन व्हायच्या आत बातमी सावेडीला पोहोचली होती. पुढच्या रविवारी दोघी जणी त्याच्या दारात, हातात पत्रकं घेऊन. वहिनीने चहा दिला, दादा मागच्या दाराने वर्कशॉपला गेला, रविवार असूनही. तेव्हापासून त्याचं नाव मी चारचौघांत घेत नाही. विषय विचारला की "घरच्यांसाठी" म्हणते. देवाला पत्ता माहीत आहे.

माझ्या वॉर्डात वसईची एक सिस्टर होती, कॅथलिक. २७ ऑगस्ट आला की ती संत मोनिकेचं नाव काढायची. आम्ही प्रोटेस्टंट, संतांचे सण आमच्यात नाहीत, पण तिच्यामुळे मी मोनिकेच्या मुलाचं, संत ऑगस्टिनचं आत्मनिवेदन वाचलं आणि मोनिका माझ्या ओळखीची झाली. चौथ्या शतकातली उत्तर आफ्रिकेतली ही बाई, मुलगा हुशार आणि भलत्याच पंथात गेलेला. ती एका बिशपकडे जाते, माझ्या मुलाशी बोला म्हणते. बिशप स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेला. तो म्हणतो, आत्ता बोलून उपयोग नाही, त्याला वाचू दे, त्याचं त्याला कळेल. ही रडत तिथेच उभी. शेवटी तो वैतागून म्हणतो, जा आता, इतकी आसवं जिच्या डोळ्यांतून गळली तिचा मुलगा वाया जायचा नाही. लोक हे वाक्य भिंतीवर लावतात. मला त्यातला वैताग आवडतो. रोज तेच गाऱ्हाणं ऐकणाऱ्या माणसाचा तो अगदी खरा आवाज आहे.

त्याहून मनात राहिली ती कार्थेजच्या बंदरातली रात्र. मुलगा रोमला निघालाय आणि ही त्याला सोडत नाही. मित्राला निरोप द्यायचाय, वारा पडलाय, अशी थाप मारून तो तिला जवळच्याच एका प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावतो. ती आत रात्रभर मागतेय की हा जाऊ नये, आणि बाहेर जहाज सुटलेलं. सकाळी किनारा रिकामा. पुढे इटलीतच, मिलानला, ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे तिने त्या रात्री मागितलेलं मिळालं असतं तर... हे त्याने स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. त्याच वर्षी ती वारली. मात्र मोनिकेची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती मुलगा परतला आणि लेखकही निघाला म्हणून. ज्यांची मुलं परतली नाहीत त्या बायकांबद्दल कोण लिहिणार?

म्हणून मला ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर बरे वाटतात. अनाथाश्रमवाले. पंडिता रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं, आणि केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जे उभं राहिलं त्यात त्याचा वाटा आहे. (हे केडगाव दौंडकडचं. नगरला चिकटलेलं ते वेगळं.) म्युलरांनी १८४४ च्या नोव्हेंबरमध्ये पाच जणांसाठी रोज मागायला सुरुवात केली. पहिला दीड वर्षाने आला, दुसरा त्यानंतर पाच वर्षांनी, तिसरा आणखी सहा वर्षांनी. उरलेल्या दोघांसाठी ते वर्षानुवर्षं मागत राहिले. पाचात दोन बाकी, आणि ते त्यांनी लपवलं नाही. त्यांच्या हिशेबीपणाचा मला कधीकधी राग येतो, पण निदान हिशेब खरा आहे.

आणि आमच्या नगरचे टिळक, रेव्हरंड नारायण वामन. १८९५ च्या १० फेब्रुवारीला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. माहेरच्यांनी तर देव पाण्यातच ठेवले असतील, की जावयाचं डोकं ठिकाणावर येऊ दे. म्हणजे दोन्हीकडून देवाकडे अर्ज, आणि मागणं नेमकं उलटं! लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. फाटकाशी विचारणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. आपण ज्याच्यासाठी मागतो त्याच्या घरचे, मित्र, सासरचे हेही त्याच्यासाठी काहीतरी मागत असतात. आपणच एकट्या त्याच्या राखणदार नाही.

मी एकदा सोडलं होतं. २०११ साली. कंटाळले, दुसरं कारण नाही. वही कपाटात, साड्यांखाली. पाच-सहा महिने गेले आणि एक दिवस वहिनी सहज म्हणाली, "ह्यांचं प्लास्टर निघालं हो मागच्या आठवड्यात." कसलं प्लास्टर? दादा वर्कशॉपच्या खड्ड्यात पडून मनगट मोडलं होतं, आणि मला दीड महिना पत्ता नाही. तेव्हा लक्षात आलं की माझं कसं चालायचं: सकाळी साडेपाचला नाव घेतलं की दादा डोळ्यांसमोर येणार, तो आला की त्याची शुगर आठवणार, शुगर आठवली की अकराच्या आत फोन होणार. नाव गेलं आणि फोनही गेला. त्या रात्री वही काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून येतो तिला.

सोडू का, असं विचारता तेव्हा बहुतेक जणी लूकमधली विधवा मध्ये आणतात. न्यायाधीशाचं डोकं खाऊन न्याय मिळवणारी. मला ती गोष्ट इथे नीट बसत नाही. तिथे दार न्यायाधीशाचं होतं. इथे दार दादाचं आहे, आणि ते त्याने का लावलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. देवाला छळून दादाच्या दाराची कडी कशी निघणार?

मी धरून आहे ती मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट. कफर्णहूमच्या घरात इतकी गर्दी की दारातही जागा नाही, म्हणून चौघे जण एका पक्षघाती माणसाला बाजेसकट छपरावर चढवतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली येशूपुढे सोडतात. आजोळी आमचं माळवदाचं घर होतं, नेवाशाकडे. तुळयांवर फळ्या-काटक्या, वर हातभर माती. पावसाळ्याआधी आजोबा वर चढून पांढरी माती पसरायचे, तेवढ्याने खाली भुरभुर सुरू, आणि आजी चुलीपुढून ओरडायची, "अहो, पिठात पडतंय!" नुसतं वर चालल्यावर ही कथा. इथे तर भोक पाडलंय. आत बसलेल्यांच्या डोक्यात, डोळ्यांत, दाढ्यांत माती. घरमालकाचं तर नावच नको. आणि बाजेवरचा माणूस? तो गोष्टभर एक अक्षर बोलत नाही. त्याला यायचं होतं की ह्यांनीच उचलून आणलं, कोण जाणे. शास्त्रात लिहिलंय, येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला. त्यांचा. त्याचाही असेल त्यात, पण त्याच्याकडे वेगळा मागितलेला नाही.

हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. वही परत काढल्यावर एका सकाळी वाचताना आई आठवली, पदर पुढे ओढलेली. त्या मांडवात तिच्याकडे विश्वासाचा दाखला मागितला होता. इथे मागत नाहीत. आणून सोडणाऱ्यांकडे होता तेवढा पुरला.

तेव्हापासून दादाला विश्वास नाही, ह्याची मला पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही. बाज उचलायला तो माझ्याकडे असला म्हणजे झालं. माझ्याकडेही काही सकाळी नसतो. तेव्हा नुसतं नाव घेते आणि चहा टाकते.

काका २०१६ साली गेले. तसेच, लाल बावट्याचे. शेवटचे पंधरा दिवस मी त्यांच्याजवळ होते. शास्त्र वाचू का विचारलं, तर म्हणाले, "पेपर वाच, अग्रलेख." मग रोज अग्रलेख वाचला. शेवटच्या दिवशी शुद्ध नव्हती तरी वाचला. लोक विचारतात, मग आता ते कुठे, तुमच्या १९ वर्षांच्या प्रार्थनेचं काय झालं? पहिल्याचं उत्तर मला माहीत नाही. माहीत आहे असं सांगणाऱ्यांपासून मी लांब बसते. अब्राहामाने देवालाच विचारलं होतं, सगळ्या पृथ्वीचा न्याय करणारा तूच योग्य ते करणार नाहीस का? मीही तेच विचारते, आणि काकांच्या नावावर रेघ मारलेली नाही. मैत्रिणीचा पत्ता हरवलाय. तिचंही नाव आहे.

गेल्या डिसेंबरात आमच्या चर्चची पायपेटी धाप लागल्यासारखी वाजायला लागली. तिला हात लावणारा आता एकच माणूस उरलाय गावात. पाळकसाहेबांनी मला विचारलं, मी भीतभीत दादाला. तो मंगळवारी दुपारी आला, चर्चमध्ये कोणी नसताना, पिशवीत सायकलची जुनी ट्यूब, कात्री आणि सोल्युशनची डबी घेऊन. २७ वर्षांनी आत पाऊल टाकलं, तेही पाठीमागची फळी काढायला. मी थर्मासमधून चहा नेला होता. तो आडवा पडून टॉर्चने भाता बघत होता.

"चीर पडलीय. हवा राहत नाही, बाकी सगळं धड आहे." मग तिथूनच, टॉर्च न हलवता, "वहीत माझं नाव आहे का गं अजून?"

मी त्याला वहीचं कधी सांगितलं नव्हतं. वहिनीने सांगितलं असणार.

"आहे."

"कितवं?"

"तिसरं."

"एसटीत एवढ्या वर्षांत प्रमोशन तरी झालं असतं," तो म्हणाला. ट्यूबचा तुकडा भात्यावर बसवला, माझा अंगठा ओढून त्यावर ठेवला. "दाबून धर. सुकेपर्यंत काढू नकोस."

किती वेळ लागेल, विचारलं. म्हणाला, थंडी आहे, लागेल वेळ. चहा त्याने एकट्यानेच संपवला.