आयींचं 'टेक' आणि माझी चार महिन्यांची शिकवणी

चीनमधल्या सुजौला आम्ही राहायला आलो तेव्हा समोरच्या दारात एक आयी राहायच्या. आयी म्हणजे तिकडे मावशी-काकू, पण माझ्या तोंडून ते 'आई'च यायचं आणि त्यांना ते आवडायचं. कापड गिरणीत हिशेबाचं काम करून रिटायर झालेल्या. मुलगी मेलबर्नला, तिला दिवस गेलेले, बाळंतपणाला जायचं म्हणून इंग्लिश हवं होतं. मला मोडकंतोडकं चिनी येत होतं, त्यामुळे आठवड्यातून तीन संध्याकाळी त्या माझ्याकडे यायला लागल्या आणि त्यांच्या अर्ध्या वयाच्या मला 'लाओश' म्हणजे गुरुजी म्हणायला लागल्या.

सगळ्यात जास्त अडलं ते इंग्लिशमधल्या 'टेक'वर (take). त्यांच्या वहीत टेकसमोर एकच शब्द होता, 'ना', म्हणजे हातात घेणं. आता चिनीत औषध खातात, बसमध्ये 'बसतात' (म्हणजे बसने जातात), फोटोसाठी वेगळं क्रियापद, अंघोळीला वेगळं, वेळेला आणखी वेगळं. यातल्या कशातच 'ना' येत नाही, मग त्यांना टेक आठवणार तरी कुठून. 'आय ईट मेडिसिन', 'आय सिट बस टू मार्केट' हेच यायचं. मी काय केलं, तर डिक्शनरीतून टेकचे बारा अर्थ काढून दिले. दोन आठवडे त्यांनी प्रामाणिकपणे पाठ केले, पण बोलायची वेळ आली की पुन्हा 'ईट मेडिसिन'. ती यादी द्यायलाच नको होती, त्या बाईंची मेहनत त्यात फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं.

जूनमध्ये तिकडे 'मेय-यू' लागतो, आलुबुखार पिकायच्या दिवसातला रिपरिप पाऊस. एका संध्याकाळी त्या छत्री घेऊन दारात उभ्या, छत्रीचं पाणी निथळतंय, आणि वैतागून म्हणाल्या की एका शब्दाला इतके अर्थ कशाला ठेवतात ही माणसं. मी छत्रीकडे बोट दाखवून विचारलं, हिचं काय करता? म्हणाल्या, 'ता सान'. ता म्हणजे मारणं, सान म्हणजे छत्री. मग मी विचारत गेले, फोन? ता. टॅक्सी? ता. इंजेक्शन? ता. बास्केटबॉल? ता. स्वेटर विणायचा? तोही ता! त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःशीच हसायला लागल्या. मला आपलं 'मारणे' आठवलं, गप्पा मारतो, हाक मारतो, चक्कर मारतो, यात कोणालाच मार बसत नाही. ताचे अर्थ त्यांनी कधी पाठ केले नव्हते, ता-छत्री, ता-फोन अशा जोड्याच लहानपणापासून कानावर पडल्या होत्या.

मग वही उलटी केली. डाव्या बाजूला त्या रोज जे बोलतात ते चिनी वाक्य, उजवीकडे अख्खी इंग्लिश जोडी. टेक एकटं कुठेच लिहायचं नाही हा नियम. औषध-खाणं समोर 'टेक मेडिसिन', बस-बसणं समोर 'टेक अ बस'. चिठ्ठ्या जागेवर चिकटवल्या, गोळ्यांच्या डबीवर एक, बाथरूमच्या दारावर 'टेक अ शॉवर', चपलांच्या कपाटावर 'टेक ऑफ युअर शूज'. विमानाचं टेक ऑफ मुद्दाम महिनाभर काढलंच नाही. आणि ब्रिंग-टेकमधला फरक मात्र पाच मिनिटांत झाला कारण चिनीत 'ताय लाय' आणि 'ताय छ्यू', इकडे आणणं आणि तिकडे नेणं, आधीच आहे.

वेळेचं टेक सगळ्यात अवघड गेलं. चिनीत माणूस वेळ खर्च करतो, इंग्लिशमध्ये काम माणसाचा वेळ घेतं, म्हणजे कर्ताच बदलतो. आपल्याला 'वेळ लागतो' म्हणायची सवय, त्यामुळे मला ते कधी खुपलंच नव्हतं. शेवटी त्यांच्याच धंद्यातलं सांगितलं की वेळ तुमच्या गल्ल्यात आहे आणि सूप येऊन त्यातले दोन तास उचलून नेतं. त्यांनी लगेच कागदावर हिशेबाच्या रकान्यासारखं मांडलं, सूप दोन तास, बाजार चाळीस मिनिटं, आणि एकेक ओळ वाचली, 'सूप टेक्स टू अवर्स'. बरोबर!

टुक आणि टेकनला नुसता सराव लागला, कारण चिनी क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. आल्या आल्या पहिली दहा मिनिटं आज काय काय 'टुक' ते सांगायचं, असं शेवटपर्यंत चाललं.

ऑक्टोबरात त्या गेल्या. नातू दोन महिन्यांचा झाल्यावर व्हॉइस मेसेज आला, मागे बाळाचं रडणं, आणि आयी एकेक शब्द सुटा सुटा म्हणतायत, 'लाओश, टुडे आय टुक बेबी टू पार्क. इट टुक ट्वेंटी मिनिट्स. देन रेन. आय… ता सान!'

छत्रीची चिठ्ठी आम्ही लिहिलीच नव्हती.