देवराई, रबर आणि मधला व्हाळ

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याचे जंगल आता सलग राहिलेले नाही. डोंगरउतारावर अजून दाट रान आहे. त्याखाली रबर, काजू आणि अननसाची लागवड आहे, आणि लागवडीच्या मध्येच गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला देवराईचा एखादा तुकडा उभा आहे. या तुकड्यांत वटवाघळांच्या कोणत्या जाती टिकून आहेत, याच्या नोंदी ठेवण्याचे काम मी करते. एप्रिलमधील एका रात्री जे जाळ्यात सापडले, त्यामुळे आधीच्या नोंदींना खरा अर्थ आला.

तोवर आमचा भर ध्वनिमुद्रणावर होता. वटवाघळे भक्ष्य शोधण्यासाठी जे आवाज काढतात त्यांतील बहुतेक आपल्या कानांच्या कक्षेबाहेरचे असतात. डिटेक्टर ते टिपतो आणि संगणकावर त्यांचा आलेख उमटतो. रबराच्या बागेच्या कडेला, रस्त्यालगत, हे आलेख रात्रभर भरून येत. नुसते आकडे पाहणाऱ्याला तिथे वटवाघळांची चंगळ आहे असे वाटले असते. पण ते जवळजवळ सगळे आवाज ३५ ते ५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यातील, पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळांचे, म्हणजे पाकोळ्यांचे होते. या पाकोळ्या झाडीच्या कडेने आणि रस्त्यावरच्या दिव्यांभोवतीही सहज शिकार करतात. देवराईत आवाज थोडे असत, परंतु त्यांत ८० किलोहर्ट्झच्या वर एकाच पातळीवर ताणून धरलेली रेघ दिसे. ती ऱ्हायनोलोफस रौक्सी या, नाकावर घोड्याच्या नालासारखी कातडीची घडी असलेल्या वटवाघळाची खूण. त्याचे पंख रुंद आणि आखूड असतात. ते दाट फांद्यांतून गिरक्या घेण्यासाठी घडलेले आहेत, उघड्यावरून लांबचा पल्ला गाठण्यासाठी नव्हेत.

त्या दिवशी देवराईत शिरण्यापूर्वी गावच्या मानकऱ्यांनी देवाला गाऱ्हाणे घातले. आमच्या हातून रायीतली काडीही मोडू नये आणि आम्हालाही कोणता त्रास होऊ नये, असे त्यांनी मागितले आणि सोबतच्या चौघांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ दिली. मग त्यांनीच मला एका जुन्या बेहड्यापाशी नेले. त्याचे खोड बुंध्याकडे पोकळ होते आणि ढोलीच्या तोंडाशी पाचोळ्यावर किड्यांचे तुटलेले पंख विखुरले होते: पतंगांचे खवलेदार, करडे, नाकतोड्यांचे पानासारखे हिरवे, शिरा स्पष्ट दिसणारे. एखादा शिकारी रोज त्याच जागी येऊन लटकतो, किड्याचे धड खातो आणि पंख खाली टाकतो, तेव्हाच असा सडा पडतो. ढोलीत त्या वेळी कोणीच नव्हते. मी पंख कागदी पाकिटात भरून घेतले आणि संध्याकाळची जाळी देवराईत न लावता व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी लावायचे ठरवले.

व्हाळ देवराईच्या अंगाने वाहतो आणि त्याच्या दोन्ही काठांवरची जांभळीची आणि सातविणीची ओळ थेट डोंगरातल्या रानापर्यंत जाते. दोन्ही बाजूंना रबर आहे. मधली ही हिरवी पट्टी काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की एका काठावरून दुसऱ्या बाजूच्या रबराच्या रांगा दिसतात. वनखात्याच्या परवानगीने आम्ही तिथे पाण्यालगत, अगदी खालच्या उंचीवर मिस्टनेट, म्हणजे वटवाघळे पकडण्याचे बारीक धाग्यांचे जाळे, बांधले. अंधार दाटल्यावर काही वेळाने जाळे एकाएकी झुकले. टॉर्चच्या प्रकाशात सर्वांत आधी दिसले ते कान: प्रचंड मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्या मधोमध नाकावर उभे राहिलेले पानासारखे कातडे. ती मेगाडर्मा स्पाझ्मा या जातीच्या वटवाघळाची मादी होती. पोटावर बोट ठेवताच ती गाभण असल्याचे कळले, म्हणून मी अग्रबाहूचे माप तेवढे घेतले आणि वजन करण्याचा विचार सोडून तिला लगेच मोकळी केली. ती व्हाळाच्या पाण्यावरून, जमिनीपासून हातभर उंचीने, देवराईच्या दिशेने गेली.

आमच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांत या जातीचा खात्रीने सांगता येईल असा एकही आवाज नव्हता, आणि त्याचे कारण तिच्या शिकारीच्या पद्धतीत आहे. ती अतिशय क्षीण आवाज काढते. पुष्कळदा तर ती भक्ष्याच्याच आवाजावर विसंबते, पानावर चालणाऱ्या किड्याची खसखस किंवा नाकतोड्याची हाक ऐकून त्याच्यावर झडप घालते. हे मी मानकऱ्यांना सांगितले तेव्हा ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “रबरात रातचो किडोसुद्धा ओरडणा नाय, ताई. थंय ती काय आयकतली?” वाक्यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण इतके नेमके उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नव्हते. एकाच जातीची, एकाच वयाची झाडे, खाली वारंवार साफ केलेली जमीन, एकही ढोली नाही: अशा बागेत या शिकाऱ्याला ना निवारा मिळतो, ना अन्न.

जगाच्या दुसऱ्या टोकालाही असेच आढळले आहे. ब्राझीलमध्ये मनाऊसजवळ थॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात अ‍ॅमेझॉन जंगलाचे १, १० आणि १०० हेक्टरांचे तुकडे वेगळे काढून वर्षानुवर्षे अभ्यासले गेले. तिथेही पानांवरचे किडे टिपणारी वटवाघळे तुकड्यांत कमी झाली आणि नव्याने उगवलेल्या झाडोऱ्याची फळे खाणारी वाढली. पुढे भोवतालचे रान पुन्हा वाढू लागले, तशी जंगलातली काही वटवाघळे परतली. आपल्याकडे तमिळनाडूतील वालपराईच्या पठारावर चहाच्या मळ्यांत सर्वांत कमी जाती आढळल्या, तर देशी झाडांच्या सावलीतील कॉफीत आणि नदीकाठच्या झाडीत पुष्कळ अधिक. म्हणून मला तुकड्याच्या आकाराइतकेच त्याच्या भोवती काय लावले आहे आणि त्याला दुसऱ्या रानाशी जोडणारी झाडी उरली आहे का, हे महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळले की व्हाळाच्या दोन्ही काठांची झाडी पावसापूर्वी साफ करून तिथे काजू लावण्याचा जमीनमालकांचा विचार आहे. मी त्यांच्या घरी गेले, पाकिटातले पंख पडवीत मांडले आणि ही मादी एका रात्रीत किती किडे फस्त करत असेल ते समजावले. त्यांची भीती वेगळी होती: वटवाघळे रोग आणतात, घरात लहान मुले आहेत. निपाह विषाणूच्या बातम्यांनंतर ही भीती गावोगाव आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निपाहचा संबंध मुख्यतः फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांशी आहे, उष्टे फळ खाऊ नये आणि वटवाघळाला हात लावू नये एवढे पथ्य पाळावे, हे मी शांतपणे सांगितले. या प्राण्यांविषयीचा राग फार जुना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ती यादी गेली.

मालकांनी सगळे मान्य केले नाही. पलीकडच्या काठावर काजूची रोपे लागली. देवराईकडचा काठ त्यांनी तोडला नाही आणि एका वाळलेल्या, ढोली असलेल्या सातविणीलाही हात लावला नाही. अहवालात आम्ही आता ढोलीच्या प्रत्येक झाडाची, वठलेल्या झाडांसह, वेगळी नोंद करतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या आकड्यांशेजारी ढोलीखालच्या पंखांचीही. पाऊस ओसरल्यावर त्याच काठावर पुन्हा जाळे लावायचे आहे. एका बाजूची झाडी गेल्यावरही ती वाट वापरात आहे का, हे तेव्हाच कळेल.