समासातला आकडा

बुधवार, रात्र

काल मुलाखतीत त्या मुलीने माझ्या अर्जावरच्या कंपन्या पेन्सिलीने एकेक करून मोजल्या आणि समासात बारीक अक्षरात ६ लिहिले. पुढचा पाऊण तास ती अतिशय सौजन्याने बोलली, तरी परतताना गाडीत माझ्या मनात त्या सहाखेरीज काही नव्हते. आईला अजून सांगितलेले नाही. ती काय म्हणेल ते ठाऊक आहे.

रात्री झोप येईना, तेव्हा आइस हॉकीपटू रॉन हेन्सी आठवला. त्याच्याही नावापुढे असाच एक आकडा चिकटला होता, ९०७. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये इतके सामने खेळूनही प्लेऑफचा, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या शेवटच्या टप्प्याचा, एकही सामना ज्याच्या वाट्याला आला नाही, असा बचावपटू! २००० साली मॉन्ट्रियलने त्याला पहिल्याच फेरीत, तेराव्या क्रमांकावर निवडले होते. पाच वर्षांनी त्याच संघाने त्याच्यावरचा हक्क सोडला आणि कोलंबसने त्याला उचलले. मग अटलांटा, तिथे तर २०११ मध्ये अख्खा संघच विनिपेगला हलला. माझ्या सहांपैकी दोन ठिकाणीही कार्यालयच बंद झाले होते, पण पेन्सिलीला ते कसे दिसणार?

त्यानंतर तो आमच्या कॅरोलायनाकडे आला. धाकट्याचे डोळे गोल करणाऱ्यांवर असत, माझे मात्र हेन्सीवर. आपला खेळाडू नियमभंगामुळे काही मिनिटे शिक्षेच्या बाकावर गेला की गोलरक्षक सोडून उरलेल्या चौघांत बहुधा तो असायचाच. तो नीट खेळला त्या रात्री सांगण्यासारखे काही घडतच नसे, आणि न घडलेले गोल कोणी मोजत नाही. इतकी वर्षे असेच काम करून शेवटी आपल्या नावापुढे फक्त उणीव लिहिली जावी, या विचाराने काल मला फार एकटे वाटले.

२०१७ च्या फेब्रुवारीत पिट्सबर्गने त्याला घेतले. एप्रिलमध्ये तो प्लेऑफचा पहिला सामना खेळला, तोही कोलंबसविरुद्धच. ११ जूनला नॅशव्हिलमध्ये लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप हाती आल्यावर कर्णधार सिडनी क्रॉस्बीने तो सर्वांत आधी हेन्सीच्या हातात दिला. संघात येऊन त्याला चार महिनेही झाले नव्हते. तेव्हा दूरचित्रवाणीसमोर मी रडले होते. काल मात्र ते आठवून समाधान होईना. पिट्सबर्गचा बचावपटू ख्रिस लेटँग जायबंदी नसता आणि हेन्सीला कोणी बोलावलेच नसते, तर ते ९०७ सामने कमी चांगले खेळलेले ठरले असते का? ते तर तेच राहिले असते.

कप जिंकल्यावर तीन आठवड्यांच्या आत त्याने टोरांटोशी करार केला. दोन हंगामांनी ओटावा. एकूण १,१३२ सामने. पुन्हा नवा पोशाख, पुन्हा नवे सोबती, आणि काम तेच. हे आठवले तेव्हा कुठे मन थोडे निवले. त्याची शहरे मी बोटांवर मोजली, ती आठ भरली. आणि मोजून झाल्यावर लक्षात आले की त्या मुलीनेही याहून वेगळे काही केले नव्हते.

आज संध्याकाळी अर्ज पुन्हा काढून पाहिला. दोन ठिकाणी कार्यालय बंद झाले, हे मी त्यात कुठेच लिहिलेले नाही. ते उद्या लिहायचे आहे.