शिक्षिकेचा चेहरा, चौथा महिना: त्वचा बाजूला, आता ओठ आणि डोळे

'चंद्राच्या कला' हा चार मिनिटांचा पाठ सांगणारी माझी शिक्षिका ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा पहिल्यापासून ॲनिमेट करायला घेतली आहे. मॉडेल तेच, हालचाल नवी.

मागच्या खेपेला तीन महिने त्वचेतच गेले. रोमछिद्रं, कानाच्या पाळीतून झिरपणारा उजेड, ओठांवरची ओल. एखादी फ्रेम थांबवून पाहिली तर फोटोच वाटायचा. मग घरातल्या पाच जणांना पाठ दाखवला आणि विचारलं, अमावास्येला चंद्र कुठे असतो? भाची म्हणाली, "मावशी, ती पापण्याच मिटत नाही गं." चंद्र सूर्य आणि पृथ्वीच्या मधे असतो, हे दोघांनाच सांगता आलं. तोच आवाज मी चार रेघांच्या साध्या कार्टून चेहऱ्याला जोडला आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवला. एवढ्यावरून नियम बांधता येत नाही, पण या वेळी प्रश्न आले ते चंद्राबद्दल.

जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली 'अनकॅनी व्हॅली'ची (जवळजवळ माणसासारखा, पण पुरता नाही, असा चेहरा बघून अस्वस्थ वाटतं, त्या दरीची) कल्पना मांडली, तेव्हाच म्हटलं होतं की हालचाल आली की ही दरी आणखी खोल होते. माझी चूक नेमकी तिथेच होती. त्वचा खऱ्या माणसाची आणि डोळे पुतळ्याचे. चेहरा जितका खरा, तितकी बघणाऱ्याची अपेक्षा वाढते, आणि ती मोडली की त्याचं लक्ष पाठातून उठून चेहऱ्यावर जाऊन बसतं.

आता ओठांकडे वळते. 'पौर्णिमा' म्हणताना ओठ दोनदा मिटायला हवेत, 'प'ला आणि 'मा'ला. माझ्या रिगमध्ये (मॉडेल हलवणाऱ्या सांगाड्यात) 'मा'ला फट राहत होती, शिवाय ओठ आवाजाच्या तीन फ्रेम मागे होते. २४ फ्रेमच्या गतीला ते १२५ मिलिसेकंद होतात. आवाज चित्राच्या पुढे गेलेला माणसाला फार लवकर खटकतो, साधारण ४५ मिलिसेकंदांपासूनच. मागे पडला तर तितका नाही. आणि प्रश्न नुसत्या खटकण्याचा नाही. मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवलं की कानावर 'बा' पडत असताना ओठ 'गा'चे दिसले तर अनेकांना 'दा' ऐकू येतं. शिकणाऱ्याला शब्दच नवा असेल तर चुकीचे ओठ त्याला चुकीचं ऐकवू शकतात! म्हणून प, फ, ब, भ, म यांच्या शेप की, म्हणजे ओठांचे ठरवून ठेवलेले आकार, मी हाताने बसवते आहे, ओठ आवाजाच्या एक फ्रेम आधी मिटवून.

डोळ्यांचं काम मला सगळ्यात आवडलं. आधी ती पूर्ण वेळ कॅमेऱ्याकडे बघायची आणि बाजूला आकृती आली तरी प्रेक्षक शिक्षिकेकडेच बघत राहायचे. आता आधी बुबुळं आकृतीकडे वळतात, वाटेत एकदा पापणी लवते, मग तीन-चार फ्रेमनंतर मान. बघणाऱ्याची नजर आपोआप तिच्या नजरेमागोमाग जाते.

शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातही हेच आहे: पडद्यावर नुसता चेहरा ठेवल्याने शिकणं सुधारतंच असं नाही, हातवारे, नजर, हावभाव माणसासारखे असले तर मदत होते. तुमच्यापैकी कोणी अजून स्किन शेडरमध्ये (त्वचेचा रंग-उजेड ठरवणाऱ्या भागात) अडकलं असेल, तर कळकळीने सांगते, ते काम आठवडाभर बंद ठेवा आणि पापण्या करा.

हात अजून मांडीवरच आहेत. पुढच्या आठवड्यात उजवा हात उचलून तर्जनी चंद्राच्या उजळ कडेवर न्यायची आहे, 'अष्टमी' या शब्दावर.